तीनशेंची हजेरी

महिनाअखेरीला मोजायला घेतले की नाहीसे होतात ते पैसे, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. मोजायला घेतले की नाहीसे होणारे मासे मात्र टोकियोतल्या सुमिदा मत्स्यालयातल्या माणसांच्या वाट्याला आले. मासे तीनशेच्या आसपास. टाकी काचेची, पळून जायला वाव नाही. तरीही २०२०च्या एप्रिलात तिथला कर्मचारी टाकीसमोर येऊन उभा राहिला की एक, दोन, तीन करत जेमतेम पंधरापर्यंत पोचायचा आणि सोळाव्याकडे बोट करेपर्यंत पहिले पंधरा वाळूत. मग सोळावाही वाळूत. मग सगळेच. उरायची ती सपाट, निष्पाप वाळू आणि तिला बारीक बारीक भोकं.

कर्मचारी चार पावलं मागे गेला की एका भोकातून डोकं वर. मग शेजारच्या भोकातून दुसरं. पाहता पाहता निम्मी टाकी वर. याने पुढे पाऊल टाकलं की पुन्हा शून्य. कॉलेजात वर्गात नसलेली मुलं मित्राच्या आवाजात हजर असतात. इथे तीनशेच्या तीनशे हजर आणि पटावर एकही नाही.

या माशाचं नाव गार्डन ईल. ईल म्हणजे वाम, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बाजारात तागडीवर वेटोळं घालून पडलेली आणि काटे काढता काढता जेवणाऱ्याचा अंत पाहणारी आपली वाम ही याची दूरची चुलत. गार्डन ईल काँगर नावाच्या घराण्यातली, त्यातल्या एका धाकट्या पातीतली. पातीत जाती तीस-पस्तीस, आणि सगळ्यांचा कुळाचार एकच: वाळूत बीळ करायचं, कंबरेपर्यंत बाहेर यायचं, उरलेलं अंग घरात ठेवायचं आणि आयुष्यभर दार सोडायचं नाही. सुमिदाच्या टाकीतली मुख्य जात चाळीसेक सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड. पांढुरक्या अंगावर बारीक काळे ठिपके आणि दोन-तीन मोठे डाग, जणू शाईचं बोट पुसलंय. शेकडोंनी एकत्र राहतात, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाळूत कुणीतरी उदबत्त्या खोचून ठेवल्यासारख्या वाटतात. प्रस्तुत लेखकाने या माशाचा व्हिडिओ प्रथम सावंतवाडीच्या मावशीला दाखवला, तेव्हा तिने चष्मा वर करून बघितलं आणि मुद्द्याचं तेवढं विचारलं.

“ह्येचां कालवण करतत काय तळतत?”

“मावशी, हे शोभेचे आहेत.”

“मगे मेल्या, माका कित्याक दाखवतंस?”

जपानी माणूसही काही कमी नाही. तिथे काँगर वामेला ‘अनागो’ म्हणतात आणि ती शिजवून सुशीवर ठेवतात. अनागो ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांचा शब्दशः अर्थ ‘बीळ’ आणि ‘पोर’. बिळातलं पोर! या ठिपकेवाल्याला मात्र त्यांनी ‘चिन-अनागो’ म्हणायचं ठरवलं. चिन ही चपट्या नाकाची, मोठ्या डोळ्यांची, बड्या घरच्या बायकांच्या मांडीवर बसणारी जपानी कुत्र्याची जात. माशाचं तोंड तिच्यासारखं दिसतं म्हणून हे नाव. म्हणजे कुत्र्याच्या तोंडाचं बिळातलं पोर. आपल्याकडे एवढं बोलल्यावर दोन घरांचं येणं-जाणं बंद झालं असतं.

शास्त्रज्ञांनी नाव ठेवताना वेगळीच गंमत केली. १९५९ साली या जातीची शास्त्रीय नोंद झाली, तेव्हा तिला हान्स हास या ऑस्ट्रियन पाणबुड्याचं नाव देण्यात आलं. हास हा पाण्याखाली चित्रपट काढणारा, शार्कच्या तोंडासमोर कॅमेरा धरणारा, ‘झारिफा’ नावाचं जहाज घेऊन महासागर पालथे घालणारा माणूस. आधी तर वंशालाही त्याच्या जहाजाचं नाव होतं. पुढे वर्गीकरणाच्या फेरतपासणीत जहाज बुडालं, हास तेवढा तरला: हेटेरोकाँगर हासी. घराचा उंबरठा न ओलांडणाऱ्या प्राण्याला जगप्रवाशाचं नाव देणं म्हणजे आपल्या पेठेबाहेर कधी न गेलेल्या माणसाचं नाव वास्को ठेवण्यासारखं आहे.

तरी या माशाची बाजू घेऊन एक सांगायला हवं. हा जन्मजात घरकोंबडा नाही. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू काचेसारखं पारदर्शक, पानासारखं चपटं असतं आणि ते उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत दूरदूर भटकतं. ना पत्ता, ना जबाबदारी. मग एके दिवशी ते वाळूवर उतरतं, शेपटी खुपसतं आणि संपलं. तरुणपणी सह्याद्रीतले सगळे गड पालथे घातलेला माणूस वन बीएचके घेतो आणि त्यानंतर वीस वर्षं त्याला शनिवारी कुठे चाललास म्हणून विचारलं तर तो “सोसायटीची मीटिंग आहे” म्हणतो, तसंच हे. फरक एवढाच, की माशाला हप्ते नसतात.

बांधकामही स्वतःच. शेपटीचं टोक टणक आणि टोकदार असतं. ते वाळूत रोवून अंगाला हेलकावे देत मासा उलटा खाली उतरतो, आधी शेपूट, शेवटी डोकं. वाळूची भिंत ढासळू नये म्हणून कातडीतून बुळबुळीत स्राव सोडतो आणि त्याने भिंती लिंपून घेतो. खोदकाम, गिलावा आणि वॉटरप्रूफिंग, तिन्ही कामं एका शेपटीत. ठेकेदार नाही, त्यामुळे काम वेळेत होतं.

जेवणाची सोयही बसल्या जागी. हे सगळे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात. प्रवाह वाढपी. तो वरून बारीक बारीक प्लवंग घेऊन येतो आणि ज्याच्या तोंडासमोर जे येईल ते तो टिपतो. पंगतीत सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, मान पुढे, पाठीला बाक, म्हणून प्रत्येक जण प्रश्नचिन्हासारखा दिसतो. प्रवाहाने दिशा बदलली की अख्खी पंगत वळते. २०२२ साली ओकिनावातल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी टाकीत कृत्रिम प्रवाह सोडून या जेवणाचा नीट अभ्यास केला. पाण्याचा वेग वाढला की मासे अंग आखडून थोडे बिळात सरकतात, बाक वाढवतात आणि जेवण चालू ठेवतात. वेग सेकंदाला पाव मीटरच्या पुढे गेला की मात्र पान सोडून उठतात, म्हणजे खाली बसतात. लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला धावत सुटला तर नेमकं हेच व्हायला हवं, पण आपण हात आडवा घालतो.

आता शेजार. बिळं एकमेकांपासून इतकी जवळ की मान लांब केली तर शेजाऱ्याला पोचेल. त्यामुळे भांडणंही होतात, आणि ती होतात दोघांनीही आपापलं दार न सोडता. चाळीत वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. लग्नाची रीत तर त्याहून वरची. नर आणि मादी यांची बिळं हळूहळू एकमेकांजवळ सरकतात, आणि योग्य अंतर साधलं की दोघं वरच्या वर एकमेकांना विळखा घालतात. शेपट्या तेव्हाही आपापल्या घरात! लग्नानंतर कुणी कुणाकडे राहायला जायचं हा प्रश्न या जमातीने असा निकालात काढलेला आहे.

शत्रू अर्थातच आहेत. बळकट जबड्याचा ट्रिगरफिश वरून हल्ला करतो आणि वाळूतून फिरणारा साप-ईल, म्हणजे भाऊबंदच, खालून येतो. वरून मासा, खालून भाऊबंद. अशा परिस्थितीत कुणीही भित्रा होईल.

पण या माशाचा भित्रेपणा पाणबुड्यांच्या मुळावर येतो. हजारो रुपये भरून, पाठीवर टाकी बांधून, प्रवाळाच्या कडेच्या वाळूवर उतरलेला हौशी छायाचित्रकार लांबून बघतो तर काय, शेदोनशे मासे डुलत उभे. तो कॅमेरा सावरतो. तोंडातून बुडबुडे सुटतात. बुडबुड्यांचा आवाज पोचला की पुढची रांग खाली, मग मधली, मग मागची, जणू कुणी खालून एकच दोरी ओढली. तो पोटावर झोपतो. श्वास रोखतो. कोपरांवर सरपटतो. टाकीतली हवा संपत आली की वर येतो, आणि संध्याकाळी हॉटेलात बायकोला फोटो दाखवतो.

“हे काय आहे?”

“वाळू.”

“आणि हे?”

“हीपण वाळूच. पण इथे होते.”

हे झालं समुद्रातलं. मत्स्यालयात मात्र चित्र बदलतं. रोज काचेसमोर हजारो चेहरे येतात. कुणी नाक काचेला लावतं, कुणी टकटक करतं, ‘टकटक करू नये’ या पाटीवरच करतं. कधी कुणी खात नाही, चावत नाही, नुसतेच दात दाखवून एकमेकांचे फोटो काढतात. दिवसेंदिवस हे बघून माशांच्या लक्षात येतं, की काचेपलीकडचा हा प्राणी आकाराने मोठा पण निरुपद्रवी आहे. मग ते खुशाल वर येऊन उभे राहतात. सुमिदातले तीनशे असे सरावलेले होते. ६३४ मीटर उंच स्कायट्री मनोऱ्याच्या पायथ्याशी हे मत्स्यालय आहे, आणि त्या पायथ्याशी हे वीतभर वर येणारे मनोरे.

१ मार्च २०२० रोजी कोविडच्या साथीमुळे मत्स्यालय बंद झालं. चेहरे येईनासे झाले. सगळ्या प्राण्यांनी हे सारखं घेतलं नाही. तिकडे शिकागोच्या शेड मत्स्यालयात वेलिंग्टन नावाच्या पेंग्विनला मोकळ्या दालनांतून फेरफटका मारायला सोडलं, तर तो ऐटीत टाक्यांसमोर थांबून मासे बघत फिरला आणि जगभर त्याचं कौतुक झालं. सुमिदाच्या ईलांनी उलट केलं. महिना-दोन महिन्यांत माणूस नावाचा प्राणी ते विसरून गेले. टाकीवरून नेहमीचा कर्मचारी गेला तरी तीनशेच्या तीनशे खाली. आजारी कोण, सुकलेलं कोण, जेवलं कोण, काही कळायला मार्ग नाही. हजेरीच लागत नाही तर तब्येत काय बघणार?

मग मत्स्यालयाने जे केलं ते वाचून प्रस्तुत लेखकाला आधी वाटलं की बातमी १ एप्रिलची आहे. नव्हती. ३, ४ आणि ५ मे, जपानातल्या मोठ्या सुट्टीचे तीन दिवस, ‘चेहरा दाखवण्याचा उत्सव’ जाहीर झाला. टाकीसमोर पाच टॅबलेट उभे केले. लोकांनी घरून व्हिडिओ कॉल करायचा, पडद्यावर आपला चेहरा दाखवायचा, हात हलवायचा, माशांशी बोलायचं. वेळ पाच मिनिटं. आणि एक विनंती: ओरडायचं नाही, हळू बोलायचं.

ही शेवटची अट वाचल्यावर हा उत्सव महाराष्ट्रात का होऊ शकला नसता, हे लख्ख दिसलं. व्हिडिओ कॉलवर आवाज अंतराच्या प्रमाणात ठेवायचा, ही आपल्या वडीलधाऱ्यांची पक्की समजूत. पलीकडचं माणूस ठाण्यात असेल तर थोडं मोठ्याने, न्यू जर्सीत असेल तर शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल इतकं. टोकियोच्या टाकीत म्हटल्यावर काही बघायलाच नको. शिवाय मोबाइल धरण्याची तऱ्हा. लेखकाची सावंतवाडीची मावशी कॉलवर आली की पडद्याच्या खालच्या काठावर तिचं कपाळ असतं आणि उरलेल्या भागात फिरणारा पंखा. तिने त्या तीन दिवसांत तिथे फोन केला असता तर माणूस म्हणजे तीन पात्यांचा गरगर फिरणारा प्राणी, अशी त्या माशांची समजूत होऊन ते कायमचे खाली गेले असते.

“हॅलो! दिसतां काय मी? हॅलो! अगो बाय माझे, किती सुकलंस गो! जेवक देतत मा तुका थंय?”

चाळीस सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढ्या जाड प्राण्याला याहून जिव्हारी लागणारं वाक्य नसेल.

आणखी एक मेख होती. कॉल ॲपलच्या फेसटाइमवरूनच करायचा होता. म्हणजे माशांच्या पुनर्शिक्षणात आयफोन-आयपॅडवाले चेहरेच तेवढे आले. अँड्रॉइडवाली माणसंही निरुपद्रवी असतात, ही माहिती त्या टाकीपर्यंत त्या उत्सवात पोचलीच नाही.

जपानात लोक माशांना चेहरे दाखवत होते त्याच दिवसांत इकडे काय चाललं होतं, तेही नोंदवायला हवं. २५ मार्चपासून घरात बसलेला देश एव्हाना पुरता बिळात रुळला होता. लोक खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर येत, डावी-उजवीकडे बघत, पोलिसांची गाडी दिसली की आत जात. मग ४ मे उजाडला. त्या दिवशी महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी दारूची दुकानं उघडली आणि जी माणसं महिनाभर दूध आणायलासुद्धा आळीपाळीने बाहेर पडत होती ती सकाळी सातला रांगेत आखलेल्या वर्तुळात उभी राहिली. ठरावीक अंतरावर, एकाच दिशेला तोंड करून, मान किंचित पुढे काढून. वरून एखाद्या ईलने पाहिलं असतं तर त्याला घरी आल्यासारखं वाटलं असतं.

लेखक त्या रांगेत नव्हता, हे त्याने सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे. तो चौथ्या क्रमांकाच्या वर्तुळात होता असं सोसायटीचे सेक्रेटरी सांगतात, पण मग सेक्रेटरींना ते कुठून दिसलं, हा प्रश्न आहे.

खरं म्हणजे लेखकाला ईलांचं मन साथीच्या फार आधीपासून कळतं. गणपतीच्या आधी दोन रविवार जिन्यात पावलं वाजू लागली, पावतीपुस्तकाची फडफड ऐकू आली, की तो टीव्हीचा आवाज बंद करतो, पंखा एकवर आणतो आणि श्वास रोखून दाराच्या भोकाला डोळा लावतो. मजल्यावरची दारं एकेक करून गप्प होत आलेली असतात. पुढची रांग, मधली रांग.

बेल वाजते.

“नाहीयेत वाटतं घरी.”

“आहेत रे. चपला बघ, इथेच आहेत. दोन्ही जोड.”

“काका! वर्गणी! आतून पंखा ऐकू येतोय!”

ईल घराबाहेर चपला काढत नाही, इतका तरी तो शहाणा आहे.

उत्सवाचं पुढे काय झालं? लोकांनी फोन केले, आणि मत्स्यालयाबाहेर जगभर तीनशे लाजऱ्या माशांचं नाव झालं. जपान्यांचं या माशावर आधीपासूनच प्रेम. तिथे ११ नोव्हेंबर हा चिन-अनागो दिवस म्हणून साजरा होतो, कारण ११-११ असं लिहिलं की वाळूत चार ईल उभे आहेत असं दिसतं. तोच दिवस तिथे पॉकी नावाच्या चॉकलेट लावलेल्या कांडीबिस्किटाचाही असतो, त्याच कारणासाठी. चार उभ्या रेघांवर दोन सण काढणाऱ्या लोकांनी माशाला फोन केला तर त्यात नवल नाही.

मग मत्स्यालय पुन्हा उघडलं आणि खरी माणसं आली. इथे एक गोष्ट उत्सवाच्या आयोजकांच्या हातात नव्हती. मे महिन्यात घरून फोन करणाऱ्यांनी आपला पुरता चेहरा दाखवला होता: नाक, ओठ, दात, हसू. माशांनी तो पाठ केला असेल-नसेल, पण प्रत्यक्षात काचेसमोर आले ते मास्क लावलेले. नाकापासून खाली पांढरं कापड, वर दोन डोळे. काचेच्या एका अंगाला वाळूतून अर्धे वर आलेले मासे, दुसऱ्या अंगाला कापडातून अर्धी वर आलेली माणसं, आणि दोघंही डोळे मोठे करून एकमेकांकडे बघताहेत.

अशा गर्दीत बाजूला उभा असलेला कर्मचारी पुन्हा मोजायला घेतो. एक, दोन, तीन... चाळीस... शंभर ओलांडतो, आणि मागच्या रांगेत कुणाला तरी शिंक येते. टाकीतले मासे क्षणात वाळूत. टाकीसमोरची माणसं दोन पावलं मागे, मग चार, मग दालनाच्या पार टोकाला, जणू कुणी एकच दोरी ओढली. मधोमध उभा राहतो तो शिंकणारा एकटा, कानापर्यंत लाल झालेला.

मोजणी पुन्हा एकपासून.